स्मृतिभ्रंशाची माहिती मोजायची, तर प्रश्नावली आधी मराठीत पारखून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘स्मृतिभ्रंशाविषयी इतके टक्के नागरिक अनभिज्ञ’ अशा मथळ्याच्या बातम्या २१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाच्या (अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) आगेमागे हमखास वाचायला मिळतात. हे टक्के कुठून आले, ते बातमीत सहसा नसते. बरेचदा एखाद्या इंग्रजी प्रश्नावलीचे घाईघाईत मराठी केलेले असते, तिचा गूगल फॉर्म व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरवलेला असतो आणि परत आलेली उत्तरे मोजलेली असतात. वाण्याच्या तराजूलाही वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. लोकांच्या डोक्यातली माहिती मोजणाऱ्या या तराजूचा शिक्का मात्र कुणी बघायला मागत नाही. तो शिक्का मिळवायला काय काय करावे लागते आणि त्यात गफलत कुठे होते, हे वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण विषय चार ओळींत उरकण्यासारखा नाही.

आधी एवढी यातायात कशासाठी, ते सांगायला हवे. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. गावात या आजाराची पहिली चाहूल घेण्याचे काम आशाताईंवर येते. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो सी-बॅक, म्हणजे घरोघरच्या प्राथमिक आरोग्य तपासणीचा, फॉर्म त्या भरतात, त्यात ज्येष्ठांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? घरच्यांच्या लेखी हे ‘वय झालं, चालायचंच’ असेल, तर उत्तर ‘नाही’ असे लिहिले जाते आणि चाळणी तिथेच निकामी होते. म्हणजे सर्वसामान्यांना या आजाराची कितपत जाण आहे, यावर सरकारी तपासणीचा खरेखोटेपणा अवलंबून आहे. ही जाण मोजायचे साधन म्हणूनच धड हवे.

साधन धड नसले, किंवा नमुना धड नसला, तर काय होते याचे मोठे उदाहरण जागतिक पातळीवरचे आहे. ‘वर्ल्ड अल्झायमर रिपोर्ट’च्या २०१९ च्या पाहणीत सर्वसामान्यांपैकी ६६ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचाच भाग वाटत होता, २०२४ च्या पाहणीत हा आकडा ८० टक्क्यांवर गेला. पाच वर्षांत जगाचे अज्ञान वाढले, असा त्याचा अर्थ लावायचा मोह होतो. पण दोन्ही पाहण्या आपणहून ऑनलाइन उत्तरे देणाऱ्यांच्या होत्या, आणि दोन्ही वेळी उत्तरे देणारे निराळे होते. उत्तर देणारे बदलले की मत बदलले, हे अशा आकड्यांवरून कळत नाही.

आता मूळ प्रश्नावल्यांकडे वळू. सर्वांत जास्त वापरली जाते ती अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये तयार केलेली ‘अल्झायमर्स डिसीज नॉलेज स्केल’. तीत तीस विधाने आहेत आणि प्रत्येकाला ‘बरोबर’ की ‘चूक’ एवढेच सांगायचे. दुसरी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठाची ‘डिमेन्शिया नॉलेज असेसमेंट स्केल’. तीत पंचवीस विधाने, ‘चूक’, ‘बहुधा चूक’, ‘बहुधा बरोबर’, ‘बरोबर’ आणि ‘माहीत नाही’ असे पाच पर्याय, एकूण गुण ५०. दोन्ही चांगल्या आहेत. पण पहिली अमेरिकी समाजासाठी आणि दुसरी मुख्यतः आरोग्यसेवेतल्या व शिकलेल्या मंडळींना समोर ठेवून घडली. परभणीच्या भाजीबाजारातल्या बाईला किंवा सावंतवाडीच्या निवृत्त एसटी कंडक्टरला ती जशीच्या तशी लावता येत नाही. दोहोंपैकी कोणतीही घेतली, तरी मूळ कर्त्यांची लेखी परवानगी घ्यावी. आणि विधाने गाळायची-घालायची असतील, तर शेवटी तिला मूळ नावाने मिरवू नये.

विधाने गाळावी लागतात, ती अशी. अमेरिकी प्रश्नावलीत एक विधान आहे: अल्झायमर झालेले बहुतेक लोक नर्सिंग होममध्ये राहतात. उत्तर ‘चूक’. तिकडे ते विधान काहीतरी मोजते, कारण अनेकांचा तसा समज असतो. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटा खासगी दवाखाना, बरेचदा बाळंतपणाचा. आणि त्याचे ‘वृद्धाश्रम’ केले, तरी जवळपास सगळेच ‘चूक’ म्हणतील, कारण आपल्याकडे असा माणूस घरातच सांभाळला जातो हे कुणाला सांगावे लागत नाही. ज्या विधानाला सगळेच बरोबर उत्तर देतात, ते जाणकार आणि अजाण यांच्यात फरक करू शकत नाही. शेजारी माणूस बसलेला असेल तर रुग्णाने गाडी चालवायला हरकत नाही, हे दुसरे विधान. ज्या घरात मोटार नाही तिथे ते हवेत जाते. दुचाकी केली तर ‘शेजारी बसणे’ उरत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सरासरी सहा ते बारा वर्षे जगतो, असेही एक विधान त्यात आहे. ते आम्ही सरळ काढून टाकू. ज्याच्या घरात असा रुग्ण आहे, त्याच्या ओसरीवर बसून हे वाचून दाखवणे बरे नव्हे. शिवाय ते माहीत असल्या-नसल्याने रुग्णाला वेळेवर दवाखान्यात नेण्यात काही फरक पडत नाही.

पैशाचे व्यवहार आणि बिले भरणे जड जाऊ लागणे हे सुरुवातीचे लक्षण असू शकते, हे विधान ठेवायलाच हवे, कारण ते वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे आहे. पण ते मराठी घरात बसवताना पंचाईत होते. ‘बिल भरणे’ म्हटले की विजेचे बिल डोळ्यांपुढे येते, आणि ते अनेक घरांत मुलगा मोबाइलवरून भरतो. त्याऐवजी सुट्ट्या पैशांचा हिशेब, पासबुकातली नोंद, निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, असे रोजच्या व्यवहारातले काही घ्यावे लागते. एवढ्यानेही भागत नाही. ज्या आजीने आयुष्यात पैसा हाताळलाच नाही, तिच्या घरच्यांना हे लक्षण दिसणारच कसे? तिच्याबाबतीत बदल चुलीपाशी दिसतो: आमटीला फोडणी द्यायची राहते, मीठ दोनदा पडते, साठ वर्षांची सवय असलेल्या पुरणाचा क्रम चुकतो. म्हणून पैशाचे एक आणि स्वयंपाकाचे एक, अशी दोन स्वतंत्र विधाने घ्यावीत. दोन्ही एकाच वाक्यात कोंबली, तर एक पटणारा आणि दुसरे न पटणारा माणूस अडकतो आणि त्याने काय उत्तर दिले याचा अर्थ लागत नाही.

काही विधाने आपल्याकडून घालावी लागतील. विसरणे वाढण्याची काही कारणे उपचाराने सुधारू शकतात, हे त्यात पहिले. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइडचे कमी काम ही त्यातली साध्या रक्ततपासणीत सापडणारी कारणे. एक-दोन दिवसांत अचानक उडालेला गोंधळ हा स्मृतिभ्रंश समजून घरी बसू नये, हे दुसरे: जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम उतरणे, नवे औषध, डोक्याला मार लागून मेंदूभोवती साकळलेले रक्त, यांपैकी काहीही असू शकते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. ऐकू कमी येणे हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा घटक आहे, हे तिसरे. आपल्याकडे श्रवणयंत्राचा कंटाळा इतका की हे विधान घालणे आम्हाला अगत्याचे वाटते.

धोक्याच्या घटकांबाबत एक सावधगिरी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने टाळता येण्याजोगे असे नऊ घटक २०१७ मध्ये दिले, २०२० मध्ये बारा, आणि २०२४ मध्ये चौदा, शेवटच्या यादीत दृष्टी अधू होणे आणि एलडीएल कोलेस्टेरॉल वाढणे यांची भर पडली. म्हणजे आज ‘चूक’ धरलेले उत्तर उद्या ‘बरोबर’ ठरू शकते. औषधांबाबत तर हे आणखी खरे: लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, त्याआधी छापलेल्या उत्तरसूचीतले औषधांचे विधान पुन्हा तपासावेच लागते. उत्तरसूचीवर तारीख असावी आणि ती ठरावीक काळाने फिरून तपासली जावी. जुन्या प्रश्नावल्या वापरणाऱ्यांकडून इतकी साधी गोष्ट राहून जाते.

भाषांतराची रूढ पद्धत ठरलेली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचे, एक विषयाचा जाणकार आणि एक विषयाशी संबंध नसलेला. दोन्ही मसुदे समोर ठेवून एक करायचा. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दोघांनी त्याचे पुन्हा इंग्रजी करायचे. मग समितीने फरक तपासायचे. आणि शेवटी तीस-चाळीस लोकांवर प्रयोग. यातल्या उलट भाषांतरावर लोकांची नको इतकी श्रद्धा आहे. मराठी जितके कृत्रिम, शब्दाला शब्द ठेवलेले, तितके त्याचे उलट इंग्रजी मुळाशी छान जुळते! ‘स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्तींमध्ये वर्तनात्मक बदल संप्रेषणाच्या अपूर्ण गरजांमुळे उद्भवतात’ हे वाक्य उलट भाषांतराच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवील. ओसरीवर मात्र त्याचा एक शब्द कळणार नाही. उलट ‘असा माणूस चिडचिड करतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं, पण ते सांगणं जड जातं’ हे बरोबर पोचते आणि उलट भाषांतरात नापास होते. समितीत म्हणून मराठीचा चांगला संपादक हवा आणि त्याचे मत डॉक्टरांच्या मताइतकेच चालले पाहिजे.

आता ज्यावर आमचा सर्वाधिक भर आहे, ते नकारार्थी विधान. समजा, विधान आहे: ‘अल्झायमर पूर्ण बरा होत नाही.’ उत्तरसूचीत ‘बरोबर’. प्रश्नकर्ती वाचते आणि विचारते, बरोबर की चूक? समोरचे आजोबा म्हणतात, ‘नाही. नाही होत बरा.’ आजोबांना माहीत आहे, त्यांनी सहमतीच दाखवली आहे. पण ‘नाही’ हा शब्द आधी कानावर पडला, म्हणून प्रश्नकर्तीने ‘चूक’वर खूण केली. दुसरे म्हणतात, ‘होतो की, का नाही होणार!’ आणि ‘हो’ ऐकून ‘बरोबर’वर खूण होते. दोघांचीही उत्तरे उलटी नोंदली गेली. मराठीत नकार क्रियापदाच्या शेवटी येतो आणि नकारार्थी वाक्याला दुजोरा देताना आपण ‘नाही’च म्हणतो. छापील कागदावर ही अडचण कमी होते, तोंडी मुलाखतीत ती हमखास येते, आणि साठीच्या पुढच्या कमी शिकलेल्या लोकांना तोंडीच विचारावे लागते. यावर उपाय एकच: प्रश्नावलीत ‘नाही’, ‘नसतो’, ‘नये’ असलेले एकही विधान ठेवायचे नाही. ‘अल्झायमर औषधाने पूर्ण बरा होतो’ असे लिहायचे आणि उत्तर ‘चूक’ धरायचे.

तसे करताना ‘बरोबर’ आणि ‘चूक’ उत्तरांची विधाने साधारण निम्मी-निम्मी राहतील, हेही पाहावे लागते. पाहुण्याच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावणे हा आपला शिष्टाचार आहे. पंचवीसपैकी वीस विधानांचे उत्तर ‘बरोबर’ असेल, तर नुसते ‘हो हो’ म्हणणाऱ्याला ८० टक्के गुण मिळतात. म्हणी तर विधानात घालूच नयेत. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण म्हणून सगळे मान्य करतात. त्यावरून त्यांना वार्धक्य आणि आजार यांतला फरक कळतो की नाही, हे कळायला मार्ग नाही.

आणखी एक अडचण त्याहून मुळातली. ज्याने ‘अल्झायमर’ किंवा ‘स्मृतिभ्रंश’ हे शब्दच ऐकलेले नाहीत, त्याला पंचवीस विधाने विचारून काय मिळणार? म्हणून सुरुवातीला चार ओळींचे वर्णन वाचावे. एक बाई, वय बहात्तर. वर्षभरात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागल्या आहेत. रोजच्या देवळाच्या वाटेवर एकदा चुकल्या. सुनेने पाटल्या चोरल्या म्हणतात, आणि पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडतात. यांना काय झाले असावे? उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे: म्हातारचळ, डोक्यावर परिणाम, करणी, विसरण्याचा आजार, काही असो. मग पुढची विधाने ‘अशा आजारात’ म्हणून विचारावीत. खबरदारी एवढीच, की वर्णनात जे सांगितले त्यावर पुढे विधान ठेवायचे नाही. वस्तू चोरल्याचा संशय हे लक्षण वर्णनात आले, तर ते पुढच्या यादीतून बाद.

उत्तराचे पर्याय तीनच ठेवावेत: बरोबर, चूक, माहीत नाही. पाच पर्याय तोंडी विचारले की चौथ्यापर्यंत पोचताना पहिला विसरला जातो. ‘बहुधा’ हवेच असेल, तर दोन टप्प्यांत विचारावे. आधी तीन पर्याय, मग ‘नक्की माहीत आहे की अंदाजाने सांगताय?’ आणि ‘माहीत नाही’ हा पर्याय प्रत्येक वेळी मोठ्याने उच्चारायचा, तो म्हणायला माणसाला लाज वाटता कामा नये. तो गाळला की अंदाज सुरू होतात. वीस विधानांपैकी आठच खरोखर माहीत असलेला माणूस उरलेली बारा ठोकताळ्याने सांगतो, त्यातली सरासरी सहा बरोबर येतात, आणि चाळीस टक्के माहिती असलेल्याच्या नावावर सत्तर टक्के लागतात. बातम्यांतले निम्म्याहून जास्त गुणांचे समाधानकारक आकडे असेही येऊ शकतात.

मुलाखत उत्तर देणाऱ्याला एकटे बसवून घ्यावी. सासू समोर बसलेली असताना सूनबाई ‘असा माणूस घरच्यांवर चिडचिड करतो’ या विधानाला काय म्हणेल, याचा भरवसा नाही. तसेच, हे अमुक योजनेच्या लाभासाठी नाही, यादीत नाव घातले-काढले जाणार नाही, हे आधी स्पष्ट सांगावे.

तज्ज्ञांच्या समितीवर थोडक्यात. सहा ते दहा जण पुरतात. मेंदूविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ यांच्याबरोबर आशा गटप्रवर्तक, सामाजिक कार्यकर्ती आणि घरी रुग्ण सांभाळलेली व्यक्ती असावी. प्रत्येक विधान विषयाला किती धरून आहे, हे ते एक ते चार गुणांत सांगतात. तीन किंवा चार देणाऱ्यांचे प्रमाण ०.७८ च्या खाली गेले की विधान दुरुस्त किंवा बाद. सहा जणांत पाच सहमत असले की ०.८३ होते, म्हणजे एकाचाच विरोध चालतो. यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते: दहा-पंधरा सामान्य माणसांना प्रत्येक विधान वाचून दाखवायचे आणि ‘याचा अर्थ तुम्हाला काय वाटला, तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारायचे. ही माणसे वेगवेगळ्या भागांतली हवीत. पुण्यात सुचलेले वाक्य गोंदियात वेगळे ऐकू येऊ शकते. ही पायरी स्वस्त आहे, दोन आठवड्यांत होते आणि आकडेमोडीत कधीच सापडणार नाहीत अशा चुका पकडते. पैसे वाचवायचे झाले तर बाकी कुठेही वाचवावेत, इथे नाही. गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्यांसाठी मात्र हे सगळे नव्याने, त्यांच्या भाषेत करावे लागेल. मराठी प्रश्नावली दुभाष्याकरवी विचारून चालणार नाही.

हे आपल्याकडे जमत नाही असेही नाही. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत निरक्षर ज्येष्ठांसाठी १९९५ मध्ये मिनी मेंटल स्टेट या स्मरण-आकलन तपासणाऱ्या परीक्षेचे हिंदी रूप तयार झाले. मुळात ‘डोळे मिटा’ हे वाचून तसे करायचे होते. तिथे ‘माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे केले. वाचता येते का हे न तपासता सूचना समजते का हे तपासले. ती रुग्ण तपासण्याची चाचणी होती, जनतेची माहिती मोजण्याची नव्हे. पण काय टिकवायचे आणि काय बदलायचे, याचा धडा तिच्यातून घेता येतो.

मग आकडे. पंचवीस विधानांसाठी किमान अडीचशे, शक्यतो तीनशे माणसे घ्यावीत. तीनशेंना गुणांच्या उतरंडीने लावून वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के, म्हणजे ८१-८१ जण वेगळे काढायचे. एखादे विधान वरच्या गटात ६२ जणांना आणि खालच्या गटात ३० जणांना आले, तर दोन्ही गटांतल्या प्रमाणांतला फरक ०.४० च्या जवळ येतो, विधान चांगले. फरक ०.२० च्या खाली आला तर शंका घ्यावी, आणि उणे आला तर उत्तरसूची चुकली आहे किंवा वाक्य उलटे कळते आहे, हे समजावे. मात्र एक अपवाद आम्ही आग्रहाने सांगू. ‘स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचा नैसर्गिक भाग आहे’ हे विधान दोन्ही गटांत सारखेच चुकले आणि फरक शून्याला टेकला, तरी ते काढू नये. मोहिमेने बदलायचे आहे ते तेच. पुढच्या वर्षी ते हलले की नाही, हे पाहायला ते जागेवर लागते.

विश्वसनीयतेसाठी सगळे क्रॉनबॅक अल्फा देतात, म्हणजे विधाने एकमेकांशी किती जुळून आहेत हे सांगणारा आकडा. बरोबर उत्तराला एक आणि बाकी सगळ्यांना शून्य असे गुण असतील तर तोच आकडा केआर-२० या नावाने येतो. ०.७० च्या वर असला की बरे मानतात. तो फुगवणे मात्र सोपे आहे. एकच गोष्ट चार तऱ्हांनी विचारा, अल्फा चढतो. नमुन्यात चाळीस परिचारिका आणि डॉक्टर मिसळा, गुणांचा पसारा वाढतो आणि अल्फा चढतो. मग तीच प्रश्नावली नुसत्या गावकऱ्यांना लावली की उतरतो. ज्यांच्यासाठी प्रश्नावली आहे, त्यांच्यावरचाच अल्फा मागावा. कोणती विधाने एका गटात जातात हे शोधणाऱ्या घटक विश्लेषणात अशीच एक जुनी गफलत होते: अशा एक-शून्य गुणांच्या उत्तरांवर साधा पिअरसन सहसंबंध लावला, तर सोपी विधाने एका गटात आणि अवघड दुसऱ्या गटात जमतात, आणि संशोधक त्यांना ‘लक्षणे’ व ‘काळजी’ अशी भारदस्त नावे देऊन मोकळे होतात. तिथे अशाच दोन-मूल्यी उत्तरांसाठी असलेला टेट्राकोरिक सहसंबंध हवा. आणि ज्या नमुन्यावर गट शोधले, त्याच नमुन्यावर ते सिद्ध झाले म्हणू नये. दुसरा नमुना घ्यावा.

सप्रमाणतेसाठी, म्हणजे प्रश्नावली मोजायचे तेच मोजते हे दाखवण्यासाठी, मेंदूविकारतज्ज्ञ आणि शेतमजूर यांच्या गुणांतला फरक दाखवण्याची रीत आहे. तो फरक कोणतीही प्रश्नावली दाखवील. एकाच तालुक्यातल्या प्रशिक्षण झालेल्या आणि न झालेल्या आशाताई घ्याव्यात. तिथे फरक दिसला तर प्रश्नावलीत दम आहे. शिवाय एकूण गुण सारखे असलेल्या खेड्यातल्या बायका आणि शहरातले पुरुष यांची विधानवार तुलना करावी. पासबुकाच्या विधानात बायका आणि पुरणाच्या विधानात पुरुष मागे पडत असतील, तर तो आजाराविषयीच्या माहितीतला फरक नव्हे, घरातल्या कामाच्या वाटणीचा आहे. ही तपासणी मराठी प्रश्नावलीत झालीच पाहिजे.

आता बातमीकडे. पाहणीचा आकडा छापायला आला की संपादकांनी एवढे मागून घ्यावे: प्रश्नावली कोणती आणि मराठीत कुणावर तपासली; उत्तरे देणारे निवडले कसे; ‘माहीत नाही’ म्हणणारे किती आणि चुकीचे सांगणारे किती, हे वेगवेगळे. शेवटचे सर्वांत मोलाचे. दोन तालुक्यांत एका विधानाला ४० टक्केच बरोबर उत्तरे आली. एकात ५० टक्के ‘माहीत नाही’ म्हणाले आणि १० टक्के चुकले. दुसऱ्यात १० टक्के ‘माहीत नाही’ आणि ५० टक्के चुकले. पहिल्या तालुक्यात नुसती माहिती पोचवायची आहे, भित्तिपत्रकानेही काम होईल. दुसऱ्यात घट्ट बसलेला समज हलवायचा आहे, त्याला माणसे लागतील. ‘६० टक्के अनभिज्ञ’ या मथळ्यात दोन्ही तालुके एकसारखे दिसतात.

नमुन्याबाबतही थोडे. एखाद्या जिल्ह्याचे प्रमाण पाच टक्के इकडे-तिकडे इतक्या अचूकतेने सांगायला साध्या यादृच्छिक निवडीत ३८५ माणसे लागतात. गावे निवडून गावातली घरे घेतली तर साधारण दुप्पट, आणि न भेटणारे धरून साडेआठशेच्या आसपास. पाच हजार जणांनी भरलेला व्हॉट्सॲपवरचा फॉर्म याला पर्याय होत नाही. तो ज्यांच्यापर्यंत पोचला आणि ज्यांना भरावासा वाटला, त्यांचेच ते मत.

राहता राहिली मुलाखतीनंतरची जबाबदारी. निम्मी चुकीची विधाने गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवून प्रश्नकर्ती निघून गेली, तर महिन्याभराने लोकांना ‘ताई सांगत होत्या की औषधाने पूर्ण बरा होतो’ एवढेच आठवते. म्हणून प्रत्येक घरी बरोबर उत्तरांचे एक पान द्यावे, वाचता न येणाऱ्यांना ते वाचून दाखवावे, आणि त्यावर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता, ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसची १४४१६ या हेल्पलाइन छापाव्यात. पण उत्तरे स्थिर राहतात का हे पाहण्यासाठी त्यातल्या चाळीस-पन्नास जणांची दोन आठवड्यांनी पुन्हा मुलाखत घ्यायची असते, आणि पान आधीच हातात पडले तर ती दुसरी मुलाखत फुकट जाते. त्या चाळीस-पन्नास जणांची यादी मुलाखती सुरू होण्याआधीच करावी. त्यांना पान दुसऱ्या भेटीत, बाकी सर्वांना पहिल्याच दिवशी. ज्या घरात वर्णनातल्या बाईंसारखेच कुणी दिसले, तिथे मात्र यादी बाजूला ठेवून पान त्याच दिवशी द्यावे, आणि ती एक मुलाखत हिशेबातून वगळावी.

आपले,
सार्वजनिक आरोग्य आणि मनोमापन या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक
पुणे